रिजेक्ट

शिरोलीत आमच्या फौंड्रीत भट्टी लागली
की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.
म्हणून शब्द आखूड, आणि हातासकट.
दिबाकर गंजामचा, नीलव्वा संकेश्वरच्या पलीकडची,
मुकादम इंगवले बावड्याचा.
लई, नको, साकु, हउ, चलेगा
एवढ्यावर आख्खी हीट उतरते.
काल जाना, उद्या जाना.
काळ लावायला सवड कुणाला?

ह्या बोलीला आजोळ नाही.
तिच्यात अजून कुणी ओवी म्हटली नाही,
कुणी झोपेत बरळलं नाही.
लग्न मात्र एक जमलं.
कोअर शॉपच्या दारात दिबाकर म्हणाला,
"तू मी घर. हउ?"
नीलव्वा म्हणाली, "गरम घर नको."
पत्र्याची खोली मिळाली. गरमच निघाली.

मिनतीला जन्मापासून ऐकू येत नाही.
आईबापांना हे कळायला दोन वर्षं लागली.
दिवसभर भट्टीपाशी राबणाऱ्यांना
घरातली शांतता शांतताच वाटली.

मी तपासणीच्या टेबलावर, हातात खडू.
तडा गेला : रिजेक्ट. छिद्र दिसलं : रिजेक्ट.
चार वर्षांची मिनती टेबलाखाली बसून
पडलेले तुकडे गोळा करायची.
एके दिवशी नीलव्वा जेवणाचा डबा घेऊन आली हसत.
झाकणावर खडूनं, वेलांटी उलटी, पण स्पष्ट :
रिजेक्ट.
आत कारल्याची भाजी.

तो तिचा पहिला शब्द.
तोंडातून नाही आला, कानातून नाही गेला.
दाटणाऱ्या फ्रॉकवर रिजेक्ट,
माझ्या नव्या मिशीवर, हवेत बोटानं, रिजेक्ट.
मग बाकीचे आले, गोण्यांवरून, फाटकावरून,
सहा आसनी रिक्षांच्या पाठीवरून.
हात लावू नये. पुढे चाला. मीठ.
त्यांचं तिनं काय काय केलं!
"आई हात मीठ."
"बाबा पुढे चाला रात्र."
असं कुणीच बोललेलं नाही आजवर,
ना गंजामात, ना संकेश्वरात, ना बावड्यात.

विद्यापीठात माझा भाषाशास्त्राचा पेपर दोनदा राहिला.
तिसऱ्यांदा पाठ करून लिहून आलो :
बोली आधी, लिपी मागून, लिपी ही बोलीची सावली.
पास झालो.
सावली तर सावली.
मग ही पोरगी कुणाच्या सावलीत
एवढी ऐसपैस बसलीय?

एकदा तिला पाटीवर विचारलं,
वाचताना आत काय होतं?
मला तर आवाज येतो, माझाच, जरा शहाणा.
तिनं बराच वेळ खडू फिरवला नुसता.
मग लिहिलं : वाळू बसते.

दिबाकरला वाचता येत नाही.
तिनं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवतो,
ह्याच तुटक्या बोलीत, ओरडून, भट्टीच्या वर.
अर्धं सांडतं. तो म्हणतो, "हउ, हउ,"
आणि पाटी छातीशी उलटी धरतो.

ती दहाची झाली त्या सोमवारी, सुट्टीचा दिवस,
तो एकटाच आला, इंगवल्यांना न सांगता.
तिच्या पाटीवरची ओळ समोर ठेवून
ओल्या वाळूत खिळ्यानं एकेक रेघ उतरवली.
बावीस वर्षांचा मोल्डर.
वाळूत सरळ कोरलं की लोखंडात उलटं येतं
हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?
पण लेकीच्या अक्षराला
केसाइतकाही धक्का लावायचा नव्हता त्याला.

मंगळवारच्या हीटमध्ये ते उतरलं.
साडेतीन किलो. अक्षरं सगळी पाठमोरी.
इंगवल्यांनी पाहिलं, मान हलवली,
माझ्याच खडूनं वर लिहिलं, रिजेक्ट.

मिनतीनं ते दोन्ही हातांनी उचललं.
बोटं उजवीकडून डावीकडे नेली, थांबली, परत नेली.
खडू पुसला नाही.
आता खोलीच्या दाराला ते टेकण म्हणून असतं.
काय लिहिलंय, मला आरशाशिवाय लागत नाही.
दिबाकरला विचारलं, तर म्हणाला,
"मिनती मालूम.
साकु."